न विचारणारे सर

आमच्या पीटीच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असे, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "शिट्टी कुकरला शोभते. मला देवानं घसा दिलाय." तो घसा कोथरूडमधल्या आमच्या शाळेभोवतीच्या सगळ्या सोसायट्यांना पाठ होता. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ एकदा तक्रार घेऊन आले, की तुमच्या ओरडण्यानं माझी दुपारची झोप मोडते. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आपण निवृत्त झालात, मी अजून व्हायचोय. थोडी वर्षं सांभाळून घ्या." गृहस्थ पाणी पिऊन निघून गेले.

सरांच्या आदराला आम्ही फार घाबरून असायचो. सर 'अहो' म्हणाले की आपलं काही खरं नाही असं समजायचं. उशिरा येणाऱ्या मुलीला ते म्हणत, "या महाराणी, सावकाश या. मैदान कुठे पळून जात नाही." आणि माया असली की 'गाढव'. "गाढवा, नाडी बांध बुटाची," असं ज्याला ऐकायला मिळे तो दिवसभर खुशीत असे. आपल्याकडे बरेच लोक असे उलटेच शिवलेले असतात, सर त्यांतले अव्वल.

मला मात्र शाळेत सगळे 'बाळ' म्हणायचे. लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय नेला. नेला म्हणजे जागेवर ठेवला, पण कामावरून काढून टाकला. त्याला मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे, शिवाय हातात कुबडी. हा सगळा सरंजाम पाहिला की बाई, शिपाईमामा, रिक्षावाले काका, सगळ्यांच्या आवाजात एकदम मध उतरायचा. "बाळ, तू बस हं." तेव्हा मी बसायचे. पीटीच्या तासाला वर्ग रिकामा व्हायचा आणि मी एकटी सगळ्यांची दप्तरं राखत बसायचे. हे काम मला पहिलीपासून होतं आणि ते मी इमानेइतबारे करत असे.

मी सातवीत असताना हे सर शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या रिकाम्या वर्गाच्या दारात उभे राहिले.

"तू इथे काय करतेस?"

"दप्तरं राखते."

"कुणापासून?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी म्हटलं, "सर, मला पीटी माफ आहे."

"माफ? गुन्हा काय केला होतास?"

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे. पळायचं नाही असं लिहिलंय."

"मग पळू नकोस. खाली ये."

मी गेले नाही. मला वाटलं, नवीन आहेत, कळेल हळूहळू. पुढच्या तासाला सरांनी सगळ्या वर्गाला आपापलं दप्तर घेऊन मैदानात यायला लावलं. दप्तरांची एक लांबलचक ओळ मैदानाच्या कडेला मांडली आणि वर निरोप पाठवला, की राखणदाराला खाली पाठवा, माल इकडे आलाय. मी रडत रडत जिना उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. यायचंय का, भीती वाटते का, दुखतं का, यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

आमच्या मैदानात खो-खोचे खांब नव्हते. खांबांच्या जागी दोन मुलं उभी करायची अशी पद्धत होती, आणि मी खाली आल्यावर वर्गातल्या मुलींनी मोठ्या मनानं मला खांब केलं. कौतुक म्हणजे मला ते फार आवडलं. पोरं माझ्या खांद्याला हात लावून वळायची, धपाधप आदळायची, मी कुबडीवर रेटून उभी राहायचे. आपण खेळात आहोत असं पहिल्यांदा वाटलं. सरांनी ते पाहिलं आणि खेळ थांबवला.

"ही कोण?"

"खांब आहे सर."

"माणसाचा खांब कुणी केला?" त्यांनी आवाज जराही चढवला नाही. "अहो दानशूर मंडळी, आपण हिला खेळायला घेतलंय की पुरून ठेवलंय?"

दुसऱ्या दिवशी गणपतीच्या मांडववाल्याकडून दोन बांबू आले. ते मैदानात पुरले गेले आणि मी बेकार झाले. मग सरांनी प्रयोगशाळेतून एक बुटकं स्टूल आणलं, पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत मधल्या चौकात ठेवलं आणि मला म्हणाले, "बस."

खो-खोत रांगेत बसलेल्याच्या पाठीवर थाप पडली, 'खो' मिळाला, की त्यानं उठून पळायचं असतं. मला उठायलाच इतका वेळ लागायचा की तोवर पळणारा मैदानाला प्रदक्षिणा घालून येईल. सरांनी नियम काढला, की ज्याला खो मिळेल त्यानं उठायलाच हवं असं नाही. वाटलं तर त्यानं बसल्या जागेवरून शेजारच्या दोघांपैकी एकाचं नाव घेऊन खो पुढे द्यायचा. नियम सगळ्यांना सारखा, त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. पहिले काही दिवस गोंधळ झाला. मग मला त्यातली गंमत कळली. पळणाऱ्यांना कळेचना, माझ्याकडे खो आला की पुढे कुठून कोण उठणार. मी डावीकडे बघायचे आणि उजवीकडचीचं नाव घ्यायचे. वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा माझ्यासमोरून जाताना गोंधळून थांबायचा आणि नेमका पकडला जायचा. "ही चीटिंग आहे सर," तो ओरडला. सर म्हणाले, "डोकं वापरणं नियमात बसतं. तूही प्रयत्न करून बघ."

आमच्या संघाची पळायची पाळी आली की मी काय करायचं, हे कोडं मात्र सरांना शेवटपर्यंत सुटलं नाही. त्यांनी बरंच काही करून पाहिलं, सगळं फसलं. त्या वेळात मी बाहेर बसायचे आणि सर चिडून स्वतःशीच पुटपुटत येरझाऱ्या घालायचे.

मी पडायचे. स्टुलावरून पडायचे, कुबडी घसरून पडायचे, कुणी अंगावर आदळलं की पडायचे. पहिला महिनाभर घरी गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले. गुडघे, कोपरं, हनुवटी, सगळीकडे जांभळे डाग. शेवटी आई शाळेत आली.

"अहो सर, ती पडते हो."

"हो, पडते."

"लागतं तिला."

"बाकीच्यांनाही लागतं ताई. त्यांच्या आया येत नाहीत."

आई रागानं लाल झाली. ती म्हणाली, "बाकीच्यांची गोष्ट वेगळी आहे."

"मैदानात तरी नसू द्या," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आईला वाटलं, माफी मागायला आले असतील. ते पंख्याखालची खुर्ची बघून बसले, पोहे खाल्ले, अजून मागून घेतले, बाबांशी पाणीकपातीवर बोलले, आणि उठताना माझ्याकडे वळून म्हणाले, "गाढवा, पडताना हात आधी टेकत जा. हनुवटी नको." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गाढव म्हटलं होतं. त्या रात्री मी रडले नाही. आईला मात्र ते शेवटपर्यंत आवडले नाहीत, पण पोहे ती दर वेळी करायची.

त्या वर्षीच्या क्रीडादिनाला मुख्याध्यापिकाबाईंच्या मनात माझ्यासाठी वेगळी शर्यत ठेवायचं आलं. पाहुणे येणार, फोटो निघणार, मी कुबडी टेकत मैदान ओलांडणार आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवणार. बाई मनानं चांगल्या होत्या. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकटीचीच शर्यत?"

"हो, तिच्यासाठी खास."

"म्हणजे ती पहिली येणार आणि शेवटचीही तीच येणार. निकाल काय लिहायचा?"

शर्यत रद्द झाली. त्याऐवजी आमच्या वर्गाचा दुसऱ्या तुकडीशी खो-खोचा अंतिम सामना सरांनी पाहुण्यांसमोर ठेवला. शेवटच्या मिनिटाला आम्ही जिंकत आलो होतो. मैत्रीण माझ्या मागून धावत येत होती, तिचा हात माझ्या पाठीला लागायच्या आधीच मी उतावीळपणे शेजारच्या मुलीचं नाव घेतलं. खो मिळायच्या आधीच खो दिला. "फाऊल!" सर मैदानभर ओरडले. मांडवात कुजबुज झाली. पाहुणे हसत म्हणाले, "अहो सर, राहू द्या की, तिचं काय एवढं."

सर म्हणाले, "फाऊल तिनं केलाय, मी नाही."

आम्ही हरलो. संपूर्ण वर्ग माझ्याशी बोलेना. डबा खायला कुणी जवळ बसेना. चपळ मुलानं तर मला "तुझ्यामुळे" असं तोंडावर ऐकवलं. माझ्यामुळे काहीतरी हरता येऊ शकतं, हे मला तोवर कुणी कळू दिलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन हसू आवरून आले. इतका आनंद पुढे दहावीच्या निकालालाही झाला नाही.

शाळा संपली, कॉलेज झालं, हिंजवडीला नोकरी लागली. साइड व्हील लावलेल्या माझ्या स्कूटरवरून त्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन्ही वेळा शिव्या देत जायला लागले. सर भेटेनासे झाले. पुढे आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेकडून रविवारी सकाळी मैदान मागून घेतलं. आसपासची मुलं येतात. चाकाच्या खुर्चीवरची, दृष्टी नसलेली, धडधाकट, सगळी एकत्र. बांबू आम्ही नवीन आणले आणि नियम सरांचेच ठेवले. तिथेच कुणीतरी सांगितलं, की सरांना अर्धांगवायूचा झटका आलाय. उजवी बाजू गेलीय आणि ते घराबाहेर पडत नाहीत.

म्हणजे अजिबातच पडत नव्हते. सोसायटीला लिफ्ट होती, शाळेचं मैदान दोन चौकांवर होतं, त्यांच्या मुलानं चांगली चाकाची खुर्ची पाठवली होती. ती खुर्ची दाराआड घडी घालून उभी होती आणि तिच्यावर जुनी चादर टाकलेली होती. आजूबाजूची पोरं खाली खेळायला लागली की सर काकूंना खिडकी लावून घ्यायला सांगत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, बँकेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "तूच ने गं यांना बाहेर. डॉक्टर म्हणतात, असेच बसून राहिले तर उरलेलंही जाईल. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

मी चांगली तयारी करून गेले होते. बाहेरच्या खोलीत आले आणि सरांच्याच आवाजात म्हणाले, "चला महाराज, सावकाश उठा. मैदान कुठे पळून जात नाही." आणि खुर्चीवरच्या चादरीला हात घातला.

"थांब," सर म्हणाले.

बोलणं अडखळत होतं, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. मी थांबले.

"मी तुला... विचारलं होतं का कधी? यायचंय का म्हणून?"

"नाही विचारलंत."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं. ठार नाही म्हटलं असतं."

मला वाटलं होतं, ते हसतील. ते खिडकीकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "तिलाही नाही विचारलं."

ती कोण, हे त्यांनी त्या दिवशी तुटक तुटक सांगितलं. मी शाळा सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक मुलगी त्यांच्या हाताखाली आली होती. किडकिडीत, अबोल. कॅलिपर नाही, कुबडी नाही, वरून बघायला काही म्हणजे काही नाही. थोडी धावली की बसायची. सरांना वाटलं, आळशी आहे. तिला ते उठवत, ओरडत, मैदानाला फेऱ्या मारायला लावत. तीही निमूट मारायची. तिच्या स्नायूंचा आजार होता. दिवसेंदिवस ताकद कमी होत जाणारा, आणि त्यात दमणूक तिला बाधणारी होती. आईवडिलांनी शाळेला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मुलीला एका कोपऱ्यात बसवून ठेवतील, या भीतीनं. एक दिवस ती जिना चढताना कोसळली आणि परत शाळेत आली नाही. आईवडिलांनी सरांना एका शब्दानं दोष दिला नाही. उलट सर भेटायला गेले तेव्हा त्यांना चहा दिला.

"ती म्हणाली," सर बोलले, "सर, मला आवडायचं."

"मग?"

"खरं बोलली... की माझ्यासाठी बोलली?"

मी त्यांचा हात धरला. तो कामातून गेलेला उजवा हात होता, त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

त्यानंतर सर बदलले होते. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ते मुलांना विचारायला लागले. "खेळणार का? जमेल का? नको असेल तर राहू दे." आणि मुलं 'नको' म्हणायची. मीही म्हटलंच असतं. एकेक करून ती मुलं पुन्हा वर्गात जाऊन बसली, आणि ज्या माणसानं ही पद्धत मोडली होती त्याच्याच डोळ्यांदेखत पुन्हा दप्तरं राखली जायला लागली. शाळेच्या भिंतीवर 'सर्वांसाठी खेळ' असा मोठा फलक लागला तो नेमका त्याच सुमाराला. फलकाखालून जाताना सर मान वर करत नसत, असं काकू म्हणाल्या.

मी निघायला लागले तेव्हा सर म्हणाले, "कुणाला न विचारता... ओढू नये गं. माणूस असतं ते."

मी खुर्चीवर चादर नीट घातली आणि घरी आले.

सरांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. इतक्या वर्षांनी, इतकं दुखणं सोसून त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती मी पाळायची ठरवली. त्यानंतर दर रविवारी मैदानावर जायच्या आधी मी त्यांच्याकडे जायचे. ते खिडकीजवळ बसलेले असायचे, पायांवर चादर. मी समोर बसायचे. पोरांच्या गमती सांगायचे. एक दृष्टी नसलेली मुलगी नुसत्या पावलांच्या आवाजावरून कशी पकडते ते सांगायचे. ते ऐकायचे, मधूनच एखादा खवचट शब्द टाकायचे. मग उठताना मी अगदी नीट, मनापासून विचारायचे, "सर, येणार का आज? तुमची इच्छा असेल तरच हं."

"नको," सर म्हणायचे.

"बरं," मी म्हणायचे. "पुढच्या रविवारी विचारते."

मला वाटायचं, किती छान सांभाळतेय मी त्यांना. मैदानावर इतरांनाही अभिमानानं सांगायचे, की आपण जबरदस्ती करायची नाही, त्यांचं त्यांना वाटेल तेव्हा येतील. सगळ्यांना ते पटायचं. आम्ही सुशिक्षित माणसं, एकमेकांचा मान ठेवण्यात आमचा हात कोण धरणार?

असं पाऊस आला, गेला, थंडी आली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. उरलेली बाजूही हळूहळू जड होत गेली. संक्रांतीच्या आसपास दुसरा झटका आला आणि त्यात सर गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी काकूंकडे गेले. त्या कपाट आवरत होत्या. शर्ट एका बाजूला, पुस्तकं एका बाजूला. खिडकीखाली पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड होता. नवा कोरा वाटला. मी सहज उचलला. बुटांचे तळ स्वच्छ होते, मातीचा एक कणही नाही, पण आत पाय घालून घालून कापड मऊ पडलं होतं आणि नाड्यांना घड्या होत्या.

"हे कुणाचे, काकू?"

"त्यांचेच. तू यायला लागल्यावर मागवून घेतले."

मला कळेना. काकूंनी हातातला शर्ट घडी करून ठेवला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. "रविवारी सकाळी उठल्या उठल्या मला घालायला लावायचे. नाड्या बांधून घ्यायचे, घट्ट. आणि बेल वाजली की वर चादर ओढायचे."

"पण मी विचारायचे ना," मी म्हटलं. "दर रविवारी विचारायचे, काकू. तेच नको म्हणायचे."

"हो. तू गेलीस की चिडायचे. म्हणायचे, विचारत काय बसते ही!"

"मला सांगायचंत ना तुम्ही!"

"म्हटलं होतं, सांगते तिला. तर म्हणाले, सांगितलंस तर मी जागचा हलणार नाही. तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे." काकूंनी पुढचा शर्ट उचलला. "मग मी बूट काढायचे. त्यालाही वेळ लागायचा. पाय सुजलेले असायचे ना."

दाराआडची खुर्ची तिथेच होती. तिच्यावरची चादर मी ओढून काढली आणि खुर्ची उघडून पाहिली. एका झटक्यात उघडली. काहीच अवघड नव्हतं. ते ओरडले असते, हात झटकला असता, मला वाटेल ते बोलले असते. बोलू द्यायला हवं होतं.